घरी सांगायचंय की मी गे आहे: आधी कुणाला, कधी, कोणत्या शब्दांत? (खान्देश)

बोरीकाठ

वय २७, नोकरी पुण्यात, घर अमळनेर तालुक्यातल्या गावात. घरी आई, वडील (आम्ही अप्पा म्हणतो) आणि एक काका, भिंतीला भिंत लागून. बहीण लग्न होऊन शिरपूरला. दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात करायची असं मामांनी ठरवलंय, बायोडाटा समाजाच्या ग्रुपवर टाकून झालाय. त्याआधी घरी सांगायचंय.

"मनाचं ऐक", "सगळं छान होईल" हे वाचून झालंय. मला नेमकं हवंय: आधी कुणाला सांगायचं, कोणत्या दिवसांत, अहिराणीत हे बोलायचं कसं, आणि बोलण्याआधी काय काय आवरून ठेवायचं. कुठे फसतं तेही सांगा.

---

तापीकाठ

क्रमापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचं तिथेच बिघडतं. पहिल्या माणसाला सांगता त्याच वेळी दुसऱ्याला कोण आणि कधी सांगणार हे ठरलेलं हवं. नाहीतर दुसऱ्याला ते काकूकडून कळतं, आणि मग बापाला मुलगा गे असल्यापेक्षा "गावाले माहीत, फक्त माले नही" हे जास्त लागतं.

तुमच्याकडे पहिली बहीण. ती घरातली आहे पण त्या घरात राहत नाही, म्हणून तिला पचवायला जागा मिळते. शिरपूरला तिच्या सासरी जाऊन सांगू नका, तिथे चार कान असतात. तिला एखाद्या दिवशी धुळ्याला किंवा अमळनेरला बोलवा आणि बसून बोला. आखाजीला (अक्षय तृतीयेला) ती माहेरी येईल तेव्हा सांगू असं बरेच जण ठरवतात. आखाजीत घर भरलेलं, झोके, आमरस, पुरणाचे मांडे, आणि तिलाही माहेरपणाचे चारच दिवस. श्रावणातल्या कानबाईच्या (आपल्याकडच्या कुलदेवीच्या सणाच्या) रविवारीही नको, त्या दिवशी अख्खी भाऊबंदकी एका छताखाली असते.

तिला सांगताना तीन गोष्टी स्पष्ट मागा: जिजाजींना आत्ता सांगू नकोस, आईला मीच सांगणार आहे, आणि मी सांगेन त्या रात्री तुझा फोन चालू ठेव. "मला समजून घे" एवढंच म्हटलं तर ती समजून घेईल, पण पुढे नेमकं काय करायचं ते तिला कळणार नाही.

दिवस कोणते? कपाशीच्या पहिल्या वेचणीपासून माल विकेपर्यंत अप्पांचं डोकं भावात असतं, तो काळ सोडा. दिवाळीनंतर मामा कामाला लागतील. तुळशीचं लग्न झालं की पाहुणे यायला लागतात. त्यामुळे पितृपक्ष धरा. त्या पंधरवड्यात कुणी लग्नाची बोलणी करत नाही, पाहुणे नाहीत, घर शांत असतं.

आवरून ठेवायच्या गोष्टी: दहावी-बारावी-पदवीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. हे सगळं आईच्या लोखंडी कपाटात असतं आणि भांडणानंतर मागता येत नाही. एका सुट्टीत "कंपनीला हवंय" म्हणून आणून ठेवा. आधार आणि पॅन पुण्यातच असू द्या. मोबाईलचं सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा. अप्पांच्या नावावर असेल तर ते बंद करून नवीन सिम काढू शकतात आणि बँकेचे ओटीपी तिकडे जातात. ते आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. वडिलांसोबत जॉइंट खातं असेल तर पगार वेगळ्या खात्यावर वळवा.

आणि परतीचं तिकीट काढूनच घरी जा. दोन रात्री राहायचं, पहिल्या रात्री सांगायचं, दुसरा पूर्ण दिवस त्यांच्या प्रश्नांसाठी मोकळा ठेवायचा. सांगून लगेच निघालात तर पळून गेल्यासारखं होतं, आणि आठवडाभर राहिलात तर रोज नवीन नातेवाईक समजवायला येतो.

---

सातपुडा_उतार

तापीकाठशी बाकी सहमत, पितृपक्षावर अजिबात नाही. त्या पंधरा दिवसांत सांगितलं की आईच्या तोंडून पहिला शब्द "पितृदोष" निघणार. मग त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी, तीन दिवस, आणि तुम्ही धोतर नेसून बसलेले. विधी झाल्यावर "आता तरी स्थळ बघू" ही अपेक्षा पक्की होते. आपणच त्यांच्या हातात कारण कशाला द्यायचं?

आषाढ बघा. पेरणी उरकलेली, कोळपणी चालू, चातुर्मासामुळे लग्नं नाहीत आणि सणही अजून सुरू झालेले नाहीत. संध्याकाळी अप्पा घरी असतात. या वर्षीचा आषाढ गेला असेल तर पोळ्याच्या आधीचा एखादा साधा आठवडा.

दुसरा मुद्दा आईचा. "आधी आई, मग वडील" हे सगळे सांगतात. ते चालतं, पण मध्ये फार तर आठ दिवस. आईला गुपित सांभाळायला लावून तुम्ही पुण्याला निघून गेलात की ती एकटी रोज अप्पांसमोर ते गिळत बसते. महिन्याभराने अप्पांना कळलं की त्यांचा राग तिच्यावर निघतो: तुला माहीत होतं. खान्देशात पोराचं काहीही झालं तरी "मायनी लाड करी ठेवा" हे वाक्य तयार असतं. आईला आदल्या संध्याकाळी सांगून दुसऱ्या दिवशी अप्पांना, हे मला त्याहून बरं वाटतं.

अप्पांशी घरात बोलू नका. काकाची भिंत लागून आहे म्हणताय, उन्हाळ्यात माणसं ओट्यावर आणि गच्चीवर झोपतात, आवाज चढला की संपलं. वावरात चला. शेजारी शेजारी चालत, बांधावर बसून बोललेलं बापाला सोपं जातं, डोळ्यांत बघावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र आधी, आणि ती टाळू नका. फवारणीचं औषध घरात किंवा मळ्याच्या खोलीत उघडं असेल तर बोलण्याआधी ते कुलपात जायला हवं, चावी बहिणीकडे किंवा भरवशाच्या माणसाकडे. "मी जीव देईन" हे वाक्य आपल्याकडे पालक सहज बोलतात. बहुतेकदा तो राग असतो, पण कोणता राग आणि कोणता खरा हे त्या घटकेला ओळखता येत नाही. कुणी तसं म्हणालं तर वाद तिथेच थांबवा, त्यांना एकटं सोडू नका, आणि टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा. तिथे मराठीत बोलता येतं. ताबडतोब धोका वाटला तर ११२. हेच तुमच्या स्वतःबद्दलही. त्या रात्री एका मित्राला दोन वेळा ठरवून द्या, समजा दहा आणि सकाळी सात. मेसेज नाही गेला तर त्याने बहिणीला फोन करायचा.

---

कळण्याची_भाकर

शब्दांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

"गे" हा शब्द गावात एकतर कळत नाही किंवा टीव्हीवरच्या टिंगलीतून कळतो. "समलिंगी" पुस्तकी आहे. आईला "लिंग" एवढंच ऐकू येतं आणि ती पुढचं ऐकायचं बंद करते. अहिराणीत या गोष्टीसाठी जे शब्द बाजारात आहेत त्या सगळ्या शिव्या आहेत. म्हणून नावाने सुरुवात न करता साध्या वाक्याने करा.

"माले पोरी नही, पोरे आवडतस" असं म्हणू नका. पोरे म्हणजे लेकरंही होतात, आणि आई म्हणेल, मग लगीन कर, पोरे व्हतीन! त्यापेक्षा: "माय, लगीन करासारखं मन्हं मन पोरीवर बसत नही, पोऱ्यावर बसस. ल्हानपनपाईन आसंच शे." मग थांबा. पुढची दोन मिनिटं तुम्ही काही बोलायचं नाही. बहुतेक जण या शांततेला घाबरतात आणि कायदा, विज्ञान, परदेश असं सगळं एका दमात सांगून टाकतात. आईला त्यातलं काही लागत नसतं.

यानंतर चार प्रश्न हमखास येतात.

"काही कमी आहे का तुझ्यात?" हा सगळ्यात मोठा घोळ. त्यांच्या डोक्यात नामर्दपणा, तृतीयपंथी आणि गे ही एकच गोष्ट असते. उत्तर एका ओळीत: शरीरात काही कमी नाही, मी पुरुषच आहे, मला बाई व्हायचं नाही, फक्त ओढ पुरुषाकडे आहे. हे म्हणताना तृतीयपंथीयांना खाली ढकलू नका. "मी त्यांच्यासारखा घाणेरडा नाही" असली वाक्यं घाबरून निघतात, आणि उद्या तीच शिवी तुमच्याकडे वळते.

"पुण्यात कुणी नादी लावलं?" इथे कुणाचंही नाव घेऊ नका. जोडीदार असेल तर पहिल्या बैठकीत तो विषयच नको. नाव मिळालं की सगळा दोष त्याच्यावर जातो आणि काका गाडी घेऊन पुण्याला निघतो. पुण्याला जायच्या आधीपासून असंच आहे, एवढंच.

"आमनं काय चुकनं?" याला लांब उत्तर नको. "काहीच नही. मी तुमनाच पोऱ्या शे, काल व्हतू तोच."

"लोक काय म्हनतीन?" हा खरा प्रश्न, आणि त्याला "लोकांचं काय घेऊन बसलात" हे उत्तर नाही. लोकांसोबत त्यांनाच राहायचंय, तुम्ही पुण्याला जाणार. म्हणून त्यांना काहीतरी हातात द्या: गावात मी कुणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका, कुणी विचारलं तर "त्याला आत्ता लग्न करायचं नाही" एवढं म्हणा, आणि हे किती दिवस पाळायचं ते आपण पुढच्या दिवाळीला परत बोलू. मुदत घाला. मुदत नसली की "कुणाला सांगू नकोस" हे जन्मभराचं होतं.

आणि पहिल्या रात्री होकार मागू नका. त्यांनी ऐकून घेतलं, जेवायला वाढलं, एवढं झालं तरी त्या रात्रीचं काम झालं. काही घरांत तेही होत नाही. तेव्हा न जेवता झोपा, वाद वाढवू नका.

---

बोरीकाठ

हे उपयोगी आहे, आषाढ की श्रावण ते बघतो. दोन गोष्टी राहिल्या. अप्पा "डॉक्टरकडे चल" किंवा आई "भगताकडे चल" म्हणाली तर सरळ नाही म्हणू की जाऊ? आणि अप्पा रागात "शेतीतून नाव काढतो" म्हणतील, ते तसं करू शकतात का?

---

जुनी_फाईल

डॉक्टरकडे जायला हरकत नाही, उलट घरच्यांना बरोबर घेऊन जा. फक्त डॉक्टर तुम्ही निवडा. गावाबाहेरच्या भिंतींवर "गुप्तरोग, कमजोरी" लिहिलेलं असतं, तिकडे नको. तिथे आधी वीर्यतपासणी होते आणि मग हजारोंची पुडी. एमडी मानसोपचारतज्ज्ञ हवा. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगीत जायचं तर आधी फोनवर दोन प्रश्न विचारा: समलैंगिकता हा आजार आहे असं तुम्ही मानता का? पालकांना तसं समजावून सांगाल का? पहिल्याला "हो, बरा करतो" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

अप्पांना दाखवायला आधार भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये "बदलून देतो" छाप उपचार हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं, म्हणजे असं करणाऱ्याची तक्रार राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे जाऊ शकते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ म्हणतो की समाजाच्या, धर्माच्या किंवा नैतिक समजुतींशी जुळत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. तेव्हा "ॲडमिट करतो" या धमकीला घाबरू नका, पण एकटे गाडीत बसून अनोळखी दवाखान्यातही जाऊ नका.

भगताचं वेगळं. नारळ, अंगारा, ताईत यावर भांडून आईला दुखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी तिथे भांडणार नाही. पण मारहाण, साखळीने किंवा दोराने बांधणं, मिरचीची धुरी यातलं काहीही सुरू झालं तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो गुन्हा आहे. ११२ ला फोन करताना "भगत मारहाण करतोय" असंच सांगा. "मी गे आहे म्हणून" ही चर्चा तिथे उघडायची गरज नाही.

शेती. वडिलोपार्जित जमिनीत तुमचा हिस्सा जन्माने आहे, बहिणीचाही, २००५ च्या दुरुस्तीपासून मुलाइतकाच. "माझ्या मुलाशी माझा संबंध राहिला नाही" अशी जाहीर नोटीस पेपरात देतात, त्याने तो हिस्सा जात नाही. वडिलांनी स्वतः कमावून घेतलेली जमीन मात्र ते मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. तिथे तुमचा हट्ट चालत नाही. धोका वेगळ्याच कागदाचा आहे: हक्कसोडपत्र. भांडणाच्या भरात "घ्या तुमची जमीन" म्हणून सब-रजिस्ट्रारसमोर सही केलीत की तो नोंदणीकृत दस्त होतो आणि परत फिरवणं फार अवघड. सहा महिने कशावरही सही करू नका, कोऱ्या स्टॅम्पवर तर नाहीच.

समाजाच्या बैठकीत "या घराशी व्यवहार बंद" असा ठराव झाला तर त्यावरही महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, २०१६ चा. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अप्पांना हे माहीत असलं की त्यांची अर्धी भीती कमी होते, कारण त्यांना कोर्टापेक्षा पंचांची भीती जास्त असते.

अजून एक. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठीचं जुनं कलम ३७७ च नाही. पण लग्नाला मान्यता नाही, १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. आईला "आता सगळं कायदेशीर आहे" असं मोघम सांगू नका. उद्या काकाने मोबाईलवर लग्नाची बातमी दाखवली की तुम्ही खोटे ठरता.

---

यावलची_लेक

वरचं सगळं कमावत्या मुलाला धरून लिहिलंय. हा धागा मुलीही वाचत असतील, त्यांच्यासाठी हिशोब वेगळा आहे.

मुलीने सांगितलं की आधी फोन जातो, मग कॉलेज बंद, मग पंधरा दिवसांत स्थळ. म्हणून वय १८ पूर्ण आणि राहायला दुसरी जागा, या दोन्ही गोष्टी हातात नसतील तर घरी सांगू नका. थांबण्यात काही कमीपणा नाही. महत्त्वाचे नंबर पाठ करा, फक्त फोनमध्ये ठेवू नका. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये टाका आणि पासवर्ड वहीत लिहू नका.

घरात कोंडलं किंवा मारलं तर कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ नवऱ्यापुरता नाही, माहेरच्यांविरुद्धही लागतो. तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे, महिलांसाठी १८१, मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन १५१००.

घर सोडावं लागलंच तर बहुतेक जणी एक चूक करतात: काही न कळवता निघतात. घरचे मिसिंग दाखल करतात, मैत्रिणीवर पळवून नेल्याचा आरोप होतो, पोलीस तिच्या घरी जातात. निघाल्याच्या दिवशीच आपल्या गावच्या पोलीस ठाण्याला आणि जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा, ईमेलही करा: मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने निघाले आहे, माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही, घरच्यांना माझा पत्ता देऊ नये. सोबत वयाचा पुरावा आणि सही. पोस्टाची पावती जपून ठेवा. त्यानंतर जबाबाला बोलावलं तर वकील घेऊन जा, आणि "आईवडिलांशी एकदा बोल, मग सोडतो" म्हणाले तरी सज्ञान व्यक्तीला घरच्यांच्या ताब्यात द्यायचा अधिकार ठाण्याला नाही. अशा प्रकरणांत मुलीला घरच्यांकडे परत वळवायला समुपदेशन वापरू नये, असं मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांना बजावलंय.

---

शेवभाजी_तिखट

मित्रांचं कुणी बोललं नाही. घरच्यांच्या आधी दोन मित्र पुरेत, आणि ते गावाबाहेरचे. गावातल्या बालपणीच्या दोस्ताला भरीतपार्टीत, सगळे शेकोटीभोवती बसलेले असताना सांगितलं तर ते गुपित उरत नाही. समोरासमोर सांगा, लिहून नको. व्हॉट्सॲपवरच्या लांब मेसेजचा स्क्रीनशॉट होतो आणि तो भाऊबंदकीच्या ग्रुपवर तुमच्या आधी पोचतो.

कुणी "पैसे दे, नाहीतर घरी सांगतो" म्हणत असेल तर पहिला रुपयाही देऊ नका. एकदा दिले की दर महिन्याला मागणी येते. चॅट, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, मगच ब्लॉक करा (घाईत आधी ब्लॉक केलं की पुरावा हातचा जातो). पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन. खंडणीचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम ३०८ मध्ये येतो. ॲपवरून भेट ठरवलीत तर पहिली भेट रेल्वे स्टेशनजवळच्या हॉटेलात चहाला, कुणाच्या शेतावर किंवा बायपासला नाही.

आईवडिलांना बोलायला कुणी हवं असेल तर "स्वीकार" हा अशाच मुलामुलींच्या पालकांचा गट आहे, मुंबईतला. आईला दुसऱ्या आईशी बोललेलं आपल्या दहा लिंकपेक्षा जास्त पटतं. पण पहिल्या आठवड्यात नंबर हातात कोंबू नका. तिने "अजून कुणाच्या घरी असं आहे का?" विचारलं की द्या.

---

तापीकाठ

पितृपक्षाचं मागे घेतो, नागबळी डोक्यात आलाच नव्हता.

बोरीकाठ, एक काम आजच करा, घरी सांगायची वाट न बघता: बायोडाटा ग्रुपवरून काढा. मामांना फोन करा, मेसेज नको. "मामा, या वर्षी लग्न करायचं नाही, बायोडाटा काढून टाका, कुणाला शब्द दिला असेल तर माझं नाव सांगून नकार कळवा." कारण विचारतील, "दिवाळीआधी घरी येऊन बोलतो" एवढंच म्हणा. पुण्यातल्या खर्चाचं किंवा पगाराचं कारण देऊ नका, मामा त्यावर तोडगा काढतील. मुलगी पाहून झाली, सुपारी फुटली की मग त्या मुलीचंही घर यात ओढलं जातं, आणि तिथून मागे फिरलात तर अप्पांना दोन्हीकडून ऐकावं लागतं. समाजाच्या वधू-वर सूचीत नाव छापायला गेलं असेल तर संयोजकांना फोन मामांनी नाही, तुम्हीच करा.

---

बोरीकाठ

मामांना आत्ताच फोन केला. "कुठे जमवलंय का?" विचारलं. नाही म्हटलं. ग्रुपवरून काढतो म्हणाले. सूची अजून छापायला गेलेली नाही.

---

सातपुडा_उतार

मामा आता तुमच्या आईला फोन करणार, आज रात्रीच. बहिणीला उद्या सकाळच्या आत गाठा.